अनुमस्तिष्काच्या जोडण्या आणि मुलांचे वाचन

अनुमस्तिष्क (लहान मेंदू) आणि मेंदूचे इतर भाग यांना जोडणाऱ्या तंतुमार्गांचा मुलांच्या वाचनकौशल्याशी असलेला संबंध हा इथला विषय आहे. शालेय पुस्तकांत अनुमस्तिष्काच्या नावापुढे ‘शरीराचा तोल व हालचालींचा मेळ’ एवढेच लिहिलेले असते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. कवटीच्या मागच्या तळाशी बसलेला हा अवयव आकारमानाने मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. तरी माणसाच्या मेंदूतील अंदाजे 86 अब्ज चेतापेशींपैकी सुमारे 69 अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात असतात. नुसता तोल सांभाळायला एवढा फौजफाटा कशाला, ही शंका जुनीच आहे.

अनुमस्तिष्क मेंदूच्या खोडाला दोन्ही बाजूंनी तीन-तीन देठांनी जोडलेला असतो. खालच्या देठातून मुख्यतः मज्जारज्जू आणि खोडाकडून खबर आत येते. ‘चूक झाली’ अशी सूचना देणारे म्हणून ओळखले जाणारे तंतूही याच वाटेने येतात. मधला देठ सर्वांत जाड. मोठ्या मेंदूच्या बाह्यकातून (बाहेरच्या थरातून) निघालेले संदेश खोडाच्या पॉन्स नावाच्या भागात बाजू बदलतात आणि या देठातून आत शिरतात. वरचा देठ ही मुख्यतः बाहेर जाण्याची वाट. त्यातले बहुतेक तंतू मध्यमेंदूत पलीकडच्या बाजूला जातात आणि थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या संदेश-केंद्रामार्गे पुन्हा बाह्यकाला पोचतात. या अदलाबदलीमुळे मोठ्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलाची जोडी अनुमस्तिष्काच्या उजव्या बाजूशी जमते. बहुतेक माणसांत भाषा डावीकडे असते, म्हणून भाषेच्या कामात अनुमस्तिष्काचा उजवा भाग अधिक दिसतो.

वाचनात याचे काम काय असावे, हे नवशिक्या वाचकाकडे पाहिले की सुचते. ‘पिशवी’ हा शब्द घ्या. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग ‘प’. तोंडातून मात्र ‘प’ आधी आणि ‘इ’ नंतर यायला हवा. पहिलीतले मूल तिथे थबकते, बोट ठेवते, ‘प... पि... पिश...’ करत पुढे सरकते. दोन-तीन वर्षांनी तेच मूल तो शब्द एका नजरेत उचलते आणि वेलांटी कुठे होती हे त्याच्या ध्यानातही येत नाही. चुकत, सुधारत, शेवटी विचार न करता जमणे ही अनुमस्तिष्काची खास ओळख मानली जाते. शिवाय डोळ्यांच्या उड्यांची अचूकता राखण्यात आणि मनातल्या मनात उच्चार करण्यातही त्याचा वाटा असतो.

1986 मध्ये लायनर दांपत्य आणि रॉबर्ट डाऊ या अभ्यासकांनी अनुमस्तिष्क बौद्धिक कामांनाही हातभार लावत असावा, असे मांडले. थोड्याच काळात अमेरिकेतील सेंट लुईसमधील संशोधकांनी पेट स्कॅनखाली (मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे दाखवणाऱ्या तपासणीत) माणसांना नाम दाखवून त्याला साजेसे क्रियापद सांगायला लावले. नुसता शब्द उच्चारताना होणारी हालचाल वजा केल्यावरही अनुमस्तिष्काच्या उजव्या भागातली सक्रियता उरली. इंग्लंडमधील शेफील्डचे संशोधक रॉड निकलसन व अँजेला फॉसेट यांनी हा धागा डिस्लेक्सियाशी, म्हणजे वाचन शिकण्यातल्या खास अडचणीशी, जोडला. डिस्लेक्सिया असलेली मुले तोल सांभाळताना दुसरे एखादे काम करू लागली की अडखळतात, असे त्यांना 1990 मध्ये आढळले. त्यातूनच पुढे ‘अनुमस्तिष्कीय उणिवेचा’ सिद्धान्त उभा राहिला. तो आकर्षक होता आणि त्यामुळेच जरा जास्त ताणला गेला. डिस्लेक्सिया असलेल्या अनेक मुलांना तोलाची काहीच अडचण नसते. उच्चार-घटक वेगळे करून ओळखण्यातली अडचण मात्र कितीतरी अधिक सातत्याने आढळते.

देठांचा थेट अभ्यास शक्य झाला तो डिफ्यूजन एमआरआयमुळे, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या हालचालीवरून तंतुमार्ग टिपणाऱ्या स्कॅनमुळे. पाण्याचे रेणू तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे कमी. हा फरक 0 ते 1 या मापावर मोजतात. त्याला फ्रॅक्शनल ॲनिसोट्रॉपी म्हणतात. कॅथरिन ट्रॅव्हिस, मिखाल बेन-शाखर, हायडी फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 9 ते 17 वयाच्या 45 मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातली 26 मुदतीपूर्वी जन्मलेली होती. अशी मुले निवडण्यामागे अर्थ आहे, कारण गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत अनुमस्तिष्क झपाट्याने वाढतो. तरी या दोन गटांच्या देठांत लक्षणीय फरक दिसला नाही. शब्द उलगडणे आणि वाचलेले समजणे या दोन्हींशी देठांच्या मापाचे नाते मात्र दिसले, आणि तेही उलटसुलट. मधल्या देठाचे माप जास्त तिथे वाचन चांगले. वरच्या आणि खालच्या देठांत माप जास्त तिथे वाचन कमी.

हे उलटे नाते गोंधळात टाकते, कारण ‘माप जास्त म्हणजे मार्ग चांगला’ असे सर्रास धरून चालतात. तसे नसते. तंतूंवरचे मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन दाट असले की माप वाढते, पण तंतू जाड असले किंवा एकमेकांना छेदून गेले की ते घटतेही. एकाच आकड्यात या साऱ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. 45 मुलांच्या अभ्यासावरून एखाद्या मुलाचे वाचन त्याच्या स्कॅनवरून ताडता येत नाही, हेही ओघाने आलेच.

विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे. गिनिव्हीव्ह ईडन यांच्या गटाने 2020 मध्ये मुलांच्या शब्दवाचनादरम्यानची सक्रियता तपासली, तेव्हा डिस्लेक्सिया असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या अनुमस्तिष्कात फरक आढळला नाही. तोल व डोळ्यांचे व्यायाम करवून वाचन सुधारण्याचे दावे बाजारात आले, पण त्यांना भक्कम आधार मिळाला नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूचा पुरावा त्याहून कितीतरी बळकट आहे.

कार्यकारणाची दिशाही एकच असेल असे नाही. मार्गांचा वाचनावर परिणाम होत असेल, तसा वाचनाचाही मार्गांवर होऊ शकतो. टिमोथी केलर व मार्सेल जस्ट यांनी 2009 मध्ये दाखवले की, वाचनात मागे पडलेल्या 8 ते 10 वर्षांच्या मुलांना 100 तास कसून शिकवल्यावर त्यांच्या डाव्या अर्धगोलातील श्वेत द्रव्याचे (तंतुमार्गांनी बनलेल्या भागाचे) हेच माप वाढले. तो मार्ग मोठ्या मेंदूतला होता, अनुमस्तिष्काच्या देठांतला नव्हे.