राणीची बाग

मुंबईत भायखळ्याला असलेले वनस्पतिउद्यान व प्राणिसंग्रहालय. मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, आजचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मालकी मुंबई महापालिकेची असली, तरी ठाण्या-कळव्याच्या अनेक पोरांनी आयुष्यातला पहिला वाघ इथेच पाहिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी ज्या मार्गाने धावली, त्याच मार्गावर भायखळा आहे. ठाणेकर तिथे उतरून पूर्वेकडे चालू लागतात. वाशी-नेरूळचे लोक कुर्ल्याला गाडी बदलतात.

लोक ‘बाग’ म्हणतात ते बरोबरच आहे, कारण प्राणी इथे मागाहून आले. शेती-बागायतीला उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेल्यावर माझगावच्या माउंट इस्टेटवर नवी बाग आखली गेली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती खुली झाली. १८७३ मध्ये ती पालिकेकडे आली आणि १८९० मध्ये प्राण्यांसाठी आणखी जागा जोडली गेली. झाडांचा मान इथे आजही मोठा. गोरखचिंच आणि कैलासपती पाहायला येणारे पिंजऱ्यांकडे वळतातच असे नाही.

इमारतींत पहिला मान बागेतल्या वस्तुसंग्रहालयाचा. पायाभरणी १८६२ ची, पण मध्येच पैसा आटला आणि दरवाजे उघडायला २ मे १८७२ उजाडला. बाहेरून शांत दिसणारी ही वास्तू आत शिरताच ओतीव लोखंडी खांबांनी आणि रंगीत फरश्यांनी डोळे दिपवते. १९७५ मध्ये तिला मुंबईतले जुने डॉक्टर व विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. तिच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार लाभला. समोर डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळ-मनोरा आहे.

बागेतला वयाने सर्वांत थोर प्राणी मात्र दगडाचा आहे. घारापुरी बेटावरच्या ज्या हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला. तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये सांधले गेले. घारापुरी उरण तालुक्यात मोडते. तेव्हा हा हत्ती नवी मुंबईकरांचा शेजारीच म्हणायचा. १९६५ मध्ये फोर्टातला काळ्या घोड्याचा पुतळाही, पाठीवरच्या इंग्लंडच्या राजा सातव्या एडवर्डसकट, इथेच आणून ठेवला गेला. नकोसे झालेले पुतळे ठेवायला शहराला ही हक्काची जागा सापडली होती.

दक्षिण कोरियातल्या सोलहून जुलै २०१६ मध्ये आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांतला एक ऑक्टोबर २०१६ मध्ये दगावला आणि उरलेले सात मार्च २०१७ पासून थंडगार काचघरात पाहता येऊ लागले. त्यांच्यावरच्या खर्चावरून वाद झाला, गर्दीही झाली. उद्यान आणि वस्तुसंग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. लांबून येणाऱ्यांनी वार पाहूनच घरून निघावे.