आईला देखभाल केंद्रात ठेवणं गुन्हा आहे का?

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला केंद्रात ठेवलं की ‘टाकलं’, आणि तो कायद्याने गुन्हाच, असं नात्यागोत्यात सर्रास ऐकू येतं. तसं नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २४ पूर्णपणे वाऱ्यावर सोडण्याच्या हेतूने टाकून जाणाऱ्याला लागतं: ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खर्च उचलणारी, भेटायला जाणारी मुलगी त्यात बसत नाही. (टोमणे मारणारे रात्री जागायला येत नाहीत, ते वेगळं.)

‘मला घरी ने’ ही विनवणी तर आजारी माणूस पुष्कळदा स्वतःच्याच घरात बसूनही करतो. तेवढ्यावरून निर्णय चुकला असं ठरवू नये. खरी रुखरुख उरते ती आईला सांगता येत होतं तेव्हा पुढे कुठे राहायचंय हे तिला विचारलंच नाही याची. आजाराचं निदान नुकतंच झालं असेल, तर आजच विचारा.