शेलमधील अवतरणांकन

शेलमधील अवतरणांकन : युनिक्स परंपरेतील शेलमध्ये (टंकलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) व्हेरिएबलची (किंमत साठवणारे नाव) किंमत आतल्या मोकळ्या जागांसकट आज्ञेपर्यंत पोचावी, म्हणून तिचा उल्लेख दुहेरी अवतरणचिन्हांत करण्याची पद्धत.

मुंबईच्या लोकल वेळापत्रकाच्या धर्तीवर ‘ठाणे    ८:०५    जलद’ अशी ओळ, रकाने जुळावेत म्हणून चार-चार जागा सोडून, एका व्हेरिएबलमध्ये ठेवली व अवतरणाविना ‘इको’ला (दिलेला मजकूर छापणारी आज्ञा) दिली, तर ‘ठाणे ८:०५ जलद’ एवढेच उमटते. जागा साठवतानाच गळाल्या असा नवशिक्यांचा समज होतो. तो चुकीचा आहे. किंमत शाबूत असते. ती उलगडल्यावर (नावाच्या जागी आल्यावर) शेल ‘आयएफएस’ या विभाजक चिन्हांच्या व्हेरिएबलमधील चिन्हांवर (मुळात स्पेस, टॅब व नवी ओळ) तिचे तुकडे पाडते. इकोला तीन सुटे शब्द मिळतात आणि ती ते एकेका स्पेसने जोडते. ओळीत टीप दाखवणारी सुटी तारका (*) असेल तर तिच्या जागी चालू फोल्डरमधील फाइलींची नावे येतात. दुहेरी अवतरणाने दोन्ही टळते. एकेरी अवतरणात मात्र किंमत उलगडतच नाही. व्हेरिएबलमध्ये नाव ठेवून ‘मरीन लाइन्स’ ही फाइल काढताना अवतरण विसरल्यास ती जागच्या जागी राहते, आणि शेजारी ‘मरीन’ नावाची वेगळी फाइल असेल तर ती जाते.

विभाजनाचा हा नियम रूढ झाला तो स्टीफन बूर्न यांच्या शेलमुळे (काम सुमारे १९७६ पासून, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९). त्यात आयएफएस थेट टंकलेल्या शब्दांनाही लागू होई, व त्यातून सुरक्षेची छिद्रे पडली. कॉर्न शेलने विभाजन उलगडलेल्या मजकुरापुरते ठेवले. पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या मानकाने तेच स्वीकारले. काही जण या नियमाला रचनेतील चूक मानतात. परंतु बूर्न यांच्या शेलला यादी हा प्रकारच नव्हता. अनेक पर्याय एकाच व्हेरिएबलमधून न्यायचे तर तुकडे पाडणे भाग होते, हे स्पष्टीकरण अधिक पटते. टॉम डफ यांच्या ‘आरसी’ शेलने याद्या दिल्या आणि फेरविभाजन सोडून दिले. झेड शेलही (१९९०) मुळात तुकडे पाडत नाही. मॅकवर २०१९ पासून तेच डिफॉल्ट शेल असल्याने तिथे बिनघोर चाललेली ओळ लिनक्सवर सर्रास असणाऱ्या बॅश या शेलमध्ये फसते.

आज्ञेचे उत्तर व्हेरिएबलमध्ये घेताना शेवटच्या नव्या ओळी अवतरणातही गळतात. मराठी मजकूर लिहिताना वर्ड प्रोसेसर आपणहून घालतो ती वळणदार अवतरणचिन्हे शेलच्या लेखी साधी अक्षरे होत.