हिवाळ्यातील रापणे

अतिनील किरणांमुळे त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य गडद होते व नव्यानेही तयार होते. त्यामुळे कातडी काळवंडणे म्हणजे रापणे. थंडीत ऊन टोचत नाही, म्हणून ते लागतही नाही, असा समज आहे. पण ऊब वेगळी आणि अतिनील किरण वेगळे. मे महिन्यात जिथे माणूस पाच मिनिटे टिकत नाही, तिथे तो डिसेंबरात दोन तास पाठ शेकत बसतो. रापतो तो या बसण्यामुळे.

२२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात सूर्य साडेबाराच्या आसपास सर्वांत वर, म्हणजे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. १६५ सेंमी. उंचीच्या माणसाची सावली तेव्हा दीडेक मीटर पडते. सावली उंचीहून आखूड झाली की ऊन रापवणारे समजावे. लंडनमध्ये त्याच दिवशी सूर्य जेमतेम १५ अंश चढतो. तिथे भर हिवाळ्यात त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ बनतच नाही. महाराष्ट्रात ते बनते, पण सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात नव्हे. तिरप्या वाटेने येताना त्यातले यूव्हीबी, म्हणजे ड जीवनसत्त्व बनवणारे अतिनील किरण वातावरणातच शोषले जातात. तान्ह्या बाळाला त्या उन्हात धरले तर ऊब मिळते, एवढेच.

यूव्हीए या अतिनील किरणांच्या दुसऱ्या प्रकारामुळे त्वचेत आधीच असलेले मेलॅनिन काही मिनिटांत गडद होते आणि बरेचसे काही तासांत उतरते. यूव्हीबीमुळे नवे मेलॅनिन तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात व ते काही आठवडे टिकते. म्हणून रविवारच्या हुरडा पार्टीचा रंग बुधवारी दिसतो! खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरेचसे आत सोडते. रोज गाडी चालवणाऱ्याचा खिडकीकडचा उजवा हात त्यामुळेच जास्त काळा पडतो.

थंडीत अंगाला चोपडलेले खोबरेल किंवा तिळाचे तेल कोरडेपणा घालवते, ऊन अडवत नाही. लिंबू चोळून उन्हात बसणे तर घातकच : रसातील द्रव्ये यूव्हीएशी मिळून फोड आणतात आणि मागे महिनोन्‌महिने डाग राहतात. बेसन-दह्याने मळ निघतो, रापलेला रंग नाही. तो कातडीचे वरचे थर झडतील तसाच उतरतो.

मनाली-गुलमर्गच्या सहलीत हिशेब बदलतो. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजे बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते. टोपी घालूनही हनुवटीखाली आणि नाकपुड्यांशी कातडी सोलते ती यामुळे. सनस्क्रीन तिथेही लावावे. चेहरा व मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट भरेल एवढे, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे. दर दोन तासांनी पुन्हा. निम्मे लावले तर डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे ऊन किती अडते ते सांगणारा आकडा निरर्थक होतो.

दिवसभर उन्हात राबणाऱ्याला एवढे सनस्क्रीन परवडत नाही. ऊसतोडीचा हंगाम नेमका हिवाळ्यातच असतो. फडातल्या बायका साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात आणि डोक्याला फडके गुंडाळतात. पाचटाची पाने कापू नयेत म्हणून घातलेला तो सदरा, घट्ट विणीचा असला तर, ऊनही चांगले अडवतो.