शोहो आणि झुइहो: एकाच आराखड्यातल्या दोन नौका

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी विमानवाहू नौकांबद्दल वाचायला घेतलं की चार नावं हटकून एकमेकांत गुंततात. शोकाकु, झुइकाकु, शोहो, झुइहो. पहिल्या दोन मोठ्या नौका, प्रत्येकी पंचवीस हजार टनांहून जड आणि सत्तरच्या वर विमानं वाहणाऱ्या. शोहो आणि झुइहो त्यांच्या निम्म्याहूनही लहान. त्यांचं वजन साडेअकरा हजार टनांच्या आसपास होतं आणि विमानं जास्तीत जास्त तीस. म्हणून त्यांना हलक्या विमानवाहू नौका म्हणतात.

नावातला गोंधळ आपल्या लिपीमुळे आणखी वाढतो. 'काकु' म्हणजे क्रौंच आणि 'हो' म्हणजे पुराणकथेतला फिनिक्ससारखा पक्षी. 'झुइ' म्हणजे शुभ. झुइकाकु आणि झुइहो या दोन्ही नावांत तेच अक्षर आहे. 'शो'चं मात्र तसं नाही. शोहोतला 'शो' शुभसूचक, तर शोकाकुतला 'शो' आकाशात झेपावणारा. जपानी चित्रलिपीत ही दोन अक्षरं वेगळी दिसतात. देवनागरीत दोघांचाही 'शो' एकच. खुद्द अमेरिकी नौदलानेही शोहोचं नाव चुकीचं वाचलं होतं. त्यांच्या त्या वेळच्या अहवालांत ती 'र्‍युकाकु' म्हणून येते, आणि त्या नावाची नौका जपानकडे कधीच नव्हती.

शोहो आणि झुइहो खरोखरच जुळ्या. तीसच्या दशकात नौदल करारांनी विमानवाहू नौकांच्या एकूण वजनावर मर्यादा घातली होती. त्यातून वाट काढण्यासाठी जपानने अशी जहाजं आखली की जी कागदावर पाणबुड्यांना रसद पुरवणारी, पण गरज पडताच थोड्या अवधीत विमानवाहू करता येतील. शोहो त्या वेळी 'त्सुरुगिझाकी' होती आणि झुइहो 'ताकासाकी'. पहिल्या फरकाची सुरुवात इथेच होते. त्सुरुगिझाकी १९३९ मध्ये पाणबुड्यांचं जहाज म्हणून खरंच कामाला लागली आणि तिचं रूपांतर १९४१ मध्ये झालं. ताकासाकी बांधून पूर्ण होण्याआधीच बदलली गेली आणि डिसेंबर १९४० मध्ये झुइहो म्हणून नौदलात आली. दोघींची मूळची डिझेल इंजिनं काढून विनाशिकांसाठीची वाफेची टर्बाइन बसवली. वेग २८ नॉट, विमानांचा डेक १८० मीटर. डेकवर मनोरा नाहीच. जहाज चालवण्याची जागा डेकच्या पुढच्या टोकाखाली. चिलखत जवळजवळ शून्य. वरून पाहणाऱ्या वैमानिकाला दोघींतली कोण कुठली हे सांगणं कठीणच.

मग एक नौका लढाईच्या पहिल्याच दिवशी बुडाली आणि दुसरी त्यानंतर अडीच वर्षं टिकली, हे कसं? माझं मत असं की याचं उत्तर बांधणीत नाही. प्रत्येकीला कुणाच्या सोबत पाठवलं, त्यात आहे.

मे १९४२. न्यू गिनीतलं पोर्ट मोर्सबी घेण्यासाठी जपानने आखलेल्या मोहिमेत शोकाकु आणि झुइकाकु सॉलोमन बेटांना वळसा घालून पूर्वेकडून येत होत्या. शोहोला त्यांच्यापासून दूर, रिअर ॲडमिरल गोतो यांच्या तुकडीत ठेवलं होतं: चार जड क्रूझर, एक विनाशिका आणि ही एकटी विमानवाहू नौका. तिच्यावर जेमतेम अठरा विमानं होती आणि त्यातली चार लढाऊ विमानं जुन्या पिढीची. इतक्या थोड्या विमानांवर पहारा देण्याची जबाबदारी टाकणं ही आखणीतली चूक होती, असं मला ठामपणे वाटतं.

७ मे रोजी सकाळी अमेरिकी टेहळणी विमानाने 'दोन विमानवाहू नौका आणि चार जड क्रूझर' असा संदेश पाठवला. तो सांकेतिक लिपीत घालतानाच चुकला होता; तिथे विमानवाहू नौका नव्हत्याच. पण तोवर लेक्सिंग्टन आणि यॉर्कटाउन या अमेरिकी विमानवाहू नौकांवरून ९३ विमानं निघाली होती, आणि वाटेत त्यांना शोहो दिसली. त्याच सकाळी जपानी वैमानिकांनी निओशो हे तेलवाहू जहाज विमानवाहू नौका समजून त्यावर हल्ला चढवला आणि सोबतची सिम्स ही विनाशिका बुडवली. ओळखीतली चूक त्या दिवशी दोन्ही बाजूंनी झाली. फरक इतकाच की अमेरिकेच्या चुकीच्या वाटेवर खरी विमानवाहू नौका सापडली.

शोहोवर तेरा बाँब आणि सात पाणतीर लागल्याचं सांगतात. साडेअकराच्या सुमारास नौका सोडण्याचा हुकूम झाला आणि काही मिनिटांत ती बुडाली. दुसऱ्या महायुद्धात जपानने गमावलेली ही पहिली विमानवाहू नौका. लेक्सिंग्टनवरचे वैमानिक रॉबर्ट डिक्सन यांनी रेडिओवर कळवलं की एक सपाट डेकवाली, म्हणजे विमानवाहू नौका, यादीतून खोडा. हे वाक्य पुढे फार गाजलं. पाण्यात उरलेल्या माणसांबद्दल मात्र कमी बोललं जातं. गोतो यांची तुकडी उत्तरेला निघून गेली होती, आणि साझानामी ही विनाशिका मागे पाठवली गेली तेव्हा बराच उशीर झाला होता. सुमारे तीनशे जण जहाजातून बाहेर पडले होते, त्यातले शंभरच्या आसपास वाट पाहतानाच गेले. ८३४ पैकी २०३ वाचले.

झुइहोला शत्रूच्या विमानवाहू नौकांसमोर एकटीने कधी उभं राहावं लागलं नाही. मिडवेच्या वेळी ती मागच्या तुकडीत होती. २६ ऑक्टोबर १९४२ ला सांताक्रूझच्या लढाईत ती शोकाकु आणि झुइकाकुबरोबर होती. सकाळीच एंटरप्राइझ या अमेरिकी विमानवाहू नौकेच्या दोन टेहळणी विमानांनी तिच्या डेकच्या मागच्या भागाला भगदाड पाडलं. विमानं उतरवता येईनात, म्हणून ती मागे फिरली. तिची लढाऊ विमानं त्याआधीच उडाली होती. वाटेत त्यांनी एंटरप्राइझवरून निघालेल्या तुकडीवर झडप घातली. असाच घाव शोहोच्या वाट्याला आला असता तर पुढचे डझनभर आघात लगेच मागोमाग आले असते. झुइहोला मात्र माघारीला वाव होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये ग्वाडलकॅनालवरचं सैन्य काढून घेताना ती पुन्हा समुद्रात होती. पुढे तिचा डेक लांबवला, विमानविरोधी तोफा वाढवल्या, आणि जून १९४४ ची फिलिपीन समुद्रातली लढाईही तिने पार केली.

२५ ऑक्टोबर १९४४ ला केप एंगॅनोजवळ मात्र तिला सोबतीसह आमिष म्हणूनच पाठवलं होतं. अमेरिकी विमानवाहू नौकांना फिलिपीन्समधल्या लेते बेटापासून उत्तरेकडे ओढण्यासाठी जपानी ॲडमिरल ओझावा यांच्या ताफ्यात झुइकाकु, झुइहो, चितोसे आणि चियोदा होत्या. चौघींवर मिळून शंभराच्या आसपासच विमानं उरली होती. एंटरप्राइझच्या विमानातून टिपलेलं झुइहोचं छायाचित्र याच दिवसाचं. त्यात डेकवर फसवी रंगरंगोटी स्पष्ट दिसते. दुपारी सव्वादोनच्या सुमारास झुइकाकु बुडाली आणि तिच्यामागून तासाभराने, ३ वाजून २६ मिनिटांनी, झुइहो. मेले २१५. पण सकाळपासूनच्या हल्ल्यांत जहाज हळूहळू खचलं होतं, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळाला होता. कुवा ही विनाशिका आणि इसे ही युद्धनौका जवळच होत्या. त्यांनी साडेसातशेहून अधिक जणांना पाण्यातून उचलून घेतलं.