वाडीनामे, जातिवाचक (कोकण)

कोकणातले गाव एकगठ्ठा नसते. ते डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांचे बनते. वाडीत राहणाऱ्या जातीवरून पडलेली कुंभारवाडी, सुतारवाडी, गुरववाडी, भटवाडी, चांभारवाडी, महारवाडा अशी नावे आणि ती बदलण्याचे प्रयत्न यांचा येथे विचार केला आहे. देऊळवाडी, वरचीवाडी यांसारखी स्थलवाचक नावे वगळली आहेत.

‘वाडी’ हा शब्द सामान्यतः संस्कृत ‘वाटिका’ (बाग) यावरून साधतात. माडापोफळींच्या बागेला कोकणात आजही वाडीच म्हणतात. त्यामुळे आधी बाग, मग बागेतले घर, पुढे वस्ती असा अर्थविस्तार सुचवला जातो. दुसऱ्या मताप्रमाणे मूळ संस्कृत ‘वाट’, म्हणजे कुंपण किंवा कुंपणातली जागा. वाडी आणि वाडा ही दोन्ही रूपे त्याने एकत्र उलगडतात, म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘वाडा’ हे रूप खालच्या मानलेल्या वस्त्यांपुरते होते असे कधी सांगितले जाते, पण दर्यावर्दी खारव्यांचा खारवीवाडा, पालखी वाहणाऱ्या भोयांचा भोईवाडा ही नावे त्याच्या आड येतात. डंख असलाच तर पूर्वपदात असतो, आणि तोही सर्वत्र सारखा नाही. भटवाडीचा पत्ता सांगताना कोणी आवाज खाली आणत नाही. नोकरीच्या अर्जावर ‘मु. चांभारवाडी’ लिहिले की जातीचा रकाना वाचायची गरज उरत नाही.

1956 च्या धर्मांतरानंतर बऱ्याच महारवाड्यांच्या बौद्धवाड्या झाल्या. हे नाव रहिवाशांनी आपणहून घेतले, आणि ते रुळले. बाहेरून दिलेल्या नावाचे तसे होत नाही: ‘हरिजन’ शब्द कायद्यात आणण्यावरून 1938 मध्ये मुंबई विधानसभेत डॉ. आंबेडकर व त्यांच्या पक्षाने सभात्याग केला होता. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्तीनामे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचे ठरवले. बदलायच्या नावांच्या उदाहरणांत महारवाडा, ब्राह्मणवाडा यांच्याबरोबर ‘बौद्धवाडा’ही होता, हे चमत्कारिकच.

कागदावर नाव बदलले म्हणून व्यवहार बदलतोच असे नाही. कागद आणि व्यवहार यांतले हे अंतर महाडला आधीच दिसले होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केले. प्रत्यक्ष पाणी प्यायले गेले ते 20 मार्च 1927 रोजी. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केले गेले. तळ्याच्या दाव्यात उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो 1937 मध्ये.