‘ब्रदर्स इन आर्म्स’: सीडीचा लाडका अल्बम तबकडीवर कसा परतला

मे १९८५मध्ये डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ बाजारात आला, तेव्हा एलपी घेणाऱ्याच्या आणि सीडी घेणाऱ्याच्या हाती एकच अल्बम पडत नव्हता. सीडीवर सुमारे ५५ मिनिटांचं संगीत होतं, एलपीवर ४७ मिनिटांच्या आसपास. गाणी तीच नऊ, क्रमही तोच. पण एलपीच्या पहिल्या बाजूवरच्या पाचपैकी चार गाण्यांना कात्री लागली होती. ‘व्हाय वरी’ सीडीवर साडेआठ मिनिटं चालतं, जुन्या एलपीवर सव्वापाचच्या थोडं पुढे जाऊन संपतं. त्याचा तो लांबत जाणारा, गिटार आणि कीबोर्डवर तरंगणारा शेवट एलपीवाल्यांना मिळालाच नाही. आज हाच अल्बम दोन जाड तबकड्यांवर, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगात, भरभक्कम किमतीला कानसेनांसाठी विकला जातो. त्यामागे चाळीस वर्षांचा उलटसुलट प्रवास आहे.

सुरुवात कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेरात बेटावर झाली. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७९मध्ये तिथे एअर स्टुडिओ उघडला होता. बँडचे गायक-गिटारवादक मार्क नॉप्फलर, बेसवादक जॉन इल्सली आणि मंडळी १९८४च्या अखेरीस तिथे पोचली. सोबत ध्वनिमुद्रक आणि सहनिर्माता नील डॉर्फ्समन. ध्वनिमुद्रणासाठी वापरलं सोनीचं २४ ट्रॅकचं डिजिटल यंत्र. त्या काळी रॉक बँडसाठी हा धाडसाचा निर्णय होता, कारण बहुतेकांचं काम साध्या ॲनालॉग टेपवरच चाले. नॉप्फलरना ध्वनीची स्वच्छता हवी होती आणि टेपची सळसळ नको होती. ढोलकिये टेरी विल्यम्स यांचं बरंचसं वादन बाजूला ठेवून ओमार हकीम यांना बोलावलं गेलं आणि त्यांनी थोडक्या दिवसांत अल्बमभर ड्रम्स वाजवून दिले. ‘मनी फॉर नथिंग’च्या सुरुवातीचा तो चढत जाणारा ड्रम्सचा गडगडाट मात्र विल्यम्स यांचाच राहिला.

त्याच गाण्यातला गिटारचा आवाज हा या अल्बमचा सगळ्यात गाजलेला अपघात. नॉप्फलर लेस पॉल गिटार लॅनी ॲम्प्लिफायरला जोडून झी झी टॉप या अमेरिकन बँडचा गिटारवादक बिली गिबन्स याच्या वळणाचा दणदणीत सूर शोधत होते. डॉर्फ्समन मायक्रोफोन नीट लावायला खोलीत जाणार, तोवर कंट्रोल रूममध्ये आवाज आला तो आहे तसाच अप्रतिम. एक माइक जमिनीकडे तोंड करून होता, दुसरा स्पीकरपासून जरा हटलेला. कुणी काही हलवलं नाही. नंतर तोच सूर पुन्हा जुळवायचा प्रयत्न झाला, तर जमेना. योगायोगानं सुट्टीवर त्याच बेटावर असलेल्या ‘द पोलिस’ बँडच्या गायक स्टिंगनं ‘आय वाँट माय एमटीव्ही’ ही ओळ गायली आणि गाण्याचं नशीब फळफळलं. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनच्या संगणकी व्हिडिओनं त्यावर कळस चढवला; १९८७मध्ये एमटीव्ही युरोप सुरू झालं ते हाच व्हिडिओ दाखवून.

इतकं सगळं असलं तरी अल्बमचं ऐतिहासिक महत्त्व गाण्यांइतकंच माध्यमातही आहे. फिलिप्स आणि सोनीनं मिळून आणलेली सीडी १९८२मध्ये जपानी बाजारात उतरली, पण पहिली दोन-तीन वर्षं ती बहुतांशी शास्त्रीय संगीताच्या श्रीमंत रसिकांपुरतीच होती. प्लेअर महाग, त्यात वाजवायला सीडी कमी. यंत्र विकायचं तर दुकानात दाखवायला काहीतरी हवं. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ तिथे अगदी चपखल बसला: ध्वनिमुद्रण डिजिटल, आवाज काचेसारखा स्वच्छ, सीडीवर गाणी पूर्ण लांबीची, आणि तेही तरुणांना हवं असलेलं रॉक. फिलिप्सनं बँडच्या जगभरच्या दौऱ्याला पैसा पुरवला. जवळपास अडीचशे कार्यक्रमांचा तो दौरा होता. सीडीवर दहा लाख प्रती खपणारा हा पहिला अल्बम ठरला, आणि एलपीपेक्षा सीडीची विक्री जास्त, असंही पहिल्यांदा याच अल्बमनं करून दाखवलं. १९८८पर्यंत अमेरिकेत एकूण विक्रीतच सीडीनं एलपीला मागे टाकलं होतं. म्हणजे तबकडीला अडगळीत धाडण्यात या अल्बमचा हात चांगलाच मोठा.

आपल्याकडे त्या काळी राज्य कॅसेटचं. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत हा अल्बम फिरला तो बहुधा एकावरून दुसरीवर उतरवलेल्या कॅसेटमधून. नॉप्फलरनी हट्टानं घालवलेली सळसळ तिथे पुन्हा मुक्कामाला होती, हा भाग वेगळा.

कात्री का लागली, याचं कारण तबकडीच्या भूमितीत आहे. ३३ चा वेग असलेल्या एलपीच्या एका बाजूवर २०-२२ मिनिटं सुखानं मावतात. त्याहून जास्त भरायची तर आवाज कोरलेल्या खाचेची वळणं एकमेकांना चिकटवावी लागतात, आवाज हळू ठेवावा लागतो आणि खर्जाला जागा उरत नाही, कारण खर्ज खाचेला रुंद हेलकावे देतो. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची पहिली पाच गाणी पूर्ण लांबीनं घेतली तर जवळपास ३३ मिनिटं होतात. कापूनसुद्धा ती बाजू २५ मिनिटांच्या पुढे गेलीच. दुसऱ्या बाजूची चार गाणी २२ मिनिटांत बसत होती, म्हणून त्यांना हातही लागला नाही. यावर साधा उपाय होता: दोन तबकड्या. पण त्या वेळी कंपनीला बहुधा एका अल्बमची किंमत दुप्पट करायची नव्हती, आणि पूर्ण गाणी हवीत त्यानं सीडी घ्यावी, हेही सोयीचंच होतं.

दुसरी अडचण वेगाची. तबकडी एकाच गतीनं फिरते, पण सुईखालून खाच सरकण्याचा वेग कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर असतो आणि लेबलाजवळ तो २० च्या आसपास येतो. म्हणून आतल्या गाण्यांचे तार सूर बोथट होतात, झांजा खरखरतात. ४५ चा वेग घेतला की हे आकडे साधारण ७० आणि २८ वर जातात; कडेची मजा वाढते आणि आतली झीज कमी होते. मोल भरावं लागतं ते वेळेचं. एका बाजूवर १२-१५ मिनिटंच मावतात. ५५ मिनिटं चार बाजूंत वाटली तर बरोबर तेवढीच येतात, आणि जणू हा अल्बम त्यासाठीच बनवला होता असं वाटतं.

अमेरिकेची मोबाइल फिडेलिटी ही १९७७पासून कानसेनांसाठी तबकड्या काढणारी कंपनी. तिनं दोन तबकड्यांची, ४५ च्या वेगाची, क्रमांक घातलेली आवृत्ती काढली. लंडनच्या ॲबी रोडमध्ये माइल्स शोवेल यांनी अर्ध्या वेगानं कापलेली आवृत्तीही आली. अर्ध्या वेगात मूळ ध्वनी निम्म्या गतीनं सोडायचा आणि कापली जाणारी चकतीही निम्म्या गतीनं फिरवायची. कापणाऱ्या हिऱ्याला बारीक तारस्वर कोरायला दुप्पट वेळ मिळतो.

२०२२मध्ये मोबाइल फिडेलिटीवर वादळ आलं. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती एकाच मूळ टेपवरून, ती झिजू न देता, कशा काढणार, असा प्रश्न उठला, आणि ॲनालॉग म्हणून विकलेल्या तिच्या कित्येक तबकड्यांच्या साखळीत एक डिजिटल पायरी होती हे बाहेर आलं. न्यायालयातल्या तडजोडीत कंपनीनं अडीच कोटी डॉलरपर्यंतची भरपाई मान्य केली. गंमत अशी, की ज्यांना डिजिटल आवाज ऐकवत नाही त्यांनीच त्या तबकड्यांची वर्षानुवर्षं तारीफ केली होती. ‘ब्रदर्स इन आर्म्स’च्या बाबतीत मात्र हा वाद सुरूच होऊ शकत नाही. त्याचा जन्मच डिजिटल टेपवरचा. तबकडीवर जास्त ‘अस्सल’ आवाज मिळेल म्हणून हा अल्बम घेणं मला तरी पटत नाही. पूर्ण लांबीची गाणी मोकळ्या खाचेत ऐकायला मिळतात, हे कारण पुरेसं आहे.

अमेरिकेत २०२२मध्ये तबकड्यांची विक्री नगांच्या हिशोबात १९८७नंतर प्रथमच सीडीपेक्षा जास्त झाली, ४ कोटी १० लाखांविरुद्ध ३ कोटी ३० लाख. २०२५मध्ये अल्बमला ४० वर्षं झाली तेव्हा सॅन अँटोनिओतल्या १९८५च्या मैफलीसह पाच तबकड्यांचा संचही निघाला. जुन्या बाजारात १९८५ची एक तबकडीवाली प्रत अजून सहज मिळते आणि स्वस्तही पडते. कुठलीही प्रत घेताना लेबलावर ‘व्हाय वरी’ची वेळ बघावी: पाच मिनिटांची असेल तर ती कात्री लागलेली, साडेआठची असेल तर पूर्ण.